‘सर, होत नाहीये’

ऑनलाइन वर्गात ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकवणाऱ्याच्या कानावर हे वाक्य सारखं पडतं. ठोकळा हलवण्यासाठी ‘जी’ दाबायला सांगितलेलं असतं. विद्यार्थ्याने दाबलेलंही असतं, पण ठोकळा जागचा हलत नाही. कारण त्याचा कर्सर खालच्या टाइमलाइनवर राहिलेला असतो, आणि ब्लेंडरमध्ये कर्सर ज्या चौकटीवर असेल तिलाच बटण लागू होतं. लॅबमध्ये सरांनी जाताजाता बोट दाखवलं असतं की काम झालं. इथे ‘होत नाहीये’ एवढ्यावरूनच सगळं ओळखायचं.

शिक्षकाला विद्यार्थ्याचा हात दिसत नाही आणि विद्यार्थ्याला शिक्षकाचा. सरांनी कंट्रोल कधी दाबलं, हे त्याला कळणार कसं? म्हणून दाबलेलं प्रत्येक बटण तोंडाने सांगायला हवं, आणि सांगून जरा थांबायला हवं.

मला यावर सगळ्यात पटलेली पद्धत पवईची आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. धडा साधारण १० मिनिटांचा. अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर: ऐकायचं, व्हिडिओ थांबवायचा, स्वतः करायचं, दोन्हीकडे सारखंच दिसतंय ना ते ताडून पाहायचं, मग पुढे. स्क्रीनवर मेनू इंग्रजीच, निवेदन मात्र मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. कामावर मेनू इंग्रजीच भेटणार, पण समजून घ्यायला आपली भाषा हवी, हे इथे नेमकं ओळखलंय. इथे शिकवली जाणारी गिंप, इंकस्केप, ब्लेंडर ही चित्रांची सगळी सॉफ्टवेअर मुक्त असल्याने लायसन्सचा खर्च नाही.

या पद्धतीतली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधी संहिता नवख्या माणसाकडून करून बघितली जाते. संहितेच्या एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसेल ते, दुसऱ्यात निवेदन. जाणकाराचा कर्सर सवयीनेच योग्य जागी जातो, त्यामुळे ते सांगायचं राहून गेलंय हे त्याच्या लक्षातच येत नाही. नवखा तिथेच अडतो.

व्हिडिओला मात्र विद्यार्थी दिसत नाही; त्यासाठी शिक्षकच लागतो. गृहपाठ म्हणून जेपेग मागवलं तर चित्र जमलंय एवढंच कळतं. गिंपची एक्ससीएफ फाइल मागवावी. ती उघडली की लेयर दिसतात: अक्षरं, सावली, पार्श्वभूमी वेगवेगळी ठेवलीत, की सगळं एकाच लेयरवर रंगवलंय. विद्यार्थ्याचा हात कुठे अडला, हे त्याने न सांगताही तिथे दिसतं.