तव्याजवळचं टेबल

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी चौदा वर्षं रात्रपाळी केली. शहर आवृत्ती दोनच्या सुमारास छपाईला जायची आणि पहिली लोकल मिळायला चार वाजून जायचे. मधल्या वेळात पोटात कावळे ओरडायचे. मुंबईत गरम, पोटभर आणि खिशाला परवडणारी न्याहारी कुठे मिळते, हे मी त्या भुकेपायी शिकलो. आता रात्रपाळी संपली, पण सवय राहिली. आठवड्यातून एक दिवस तरी उजाडता उजाडता बाहेर पडतो आणि कुठल्या तरी जुन्या हॉटेलात जाऊन बसतो.

कुणी विचारलं की चांगलं हॉटेल कसं शोधायचं, तर मी आधी विचारतो, पहाटेचं काम कुठे चालतं ते माहीत आहे का? ससून डॉक 1875 पासून चालू आहे. तिथे अंधारातच मासळीचा लिलाव सुरू होतो. बर्फ फोडणारे, पाट्या वाहणारे, कोलंबी सोलणाऱ्या बायका, टेम्पोवाले, सगळे रात्र सरायच्या आत कामाला लागलेले असतात. क्रॉफर्ड मार्केटला फळांच्या पेट्या उतरतात, दादरला फुलांचे भारे. सकाळी साडेसहा-सातला या माणसांचा अर्धा दिवस संपलेला असतो. ती जे खातात ते चहासोबतचं तोंडात टाकणं नसतं, जेवणच असतं. त्यांच्याकडे पैसे मोजके आणि वेळ त्याहून मोजका. एकदा वाईट मिळालं तर ती दुसऱ्यांदा त्या दारात पाऊल टाकत नाहीत. म्हणून ज्या हॉटेलाबाहेर सातच्या आत हातगाड्या उभ्या असतात, तिथे मी डोळे मिटून शिरतो.

न्याहारी नेहमी कामाच्या मागे चालते. लालबाग-परळला गिरणीची पहिली पाळी सातला लागायची, तेव्हा गिरणीच्या दरवाजाबाहेरची हॉटेलं पहाटेच उघडायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मग एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगा थांबला तशी त्याच्या वेळेवर उघडणारी हॉटेलंही मिटली. आज तिथल्या काचेच्या इमारतींत कॉफीची दुकानं आहेत, पण ती उघडतात तोवर माझी न्याहारी पचलेली असते.

दुसरी खूण म्हणजे खप. स्वस्त हॉटेलातलं अन्न चांगलं असतं ते खपामुळे. तिथे काही शिळं व्हायला सवडच मिळत नाही. पहाटे पाववाला सायकलवरून लाद्या टाकून जातो आणि नऊपर्यंत त्या संपतात. असा पाव हातात घेतला की बुडाला अजून ऊब लागते. लादीतून तोडताना बाजूची पांढरी कड धाग्यासारखी ओढली जाते, तिचा भुगा पडत नाही. भुगा पडला तर पाव कालचा. जुन्या तसबिरी, रंगीत काचा, जेवणाच्या यादीवर हॉटेलाचा इतिहास, असं सगळं असलेल्या एका नावाजलेल्या ठिकाणी मला एकदा सादळलेली खारी मिळाली. मस्क्याच्या नावाखाली पावाला जे फासलं होतं ते लोणी नव्हतं. आजूबाजूला सगळे फोटो काढत होते, हातगाडी मात्र एकही उभी नव्हती.

माझा ओढा इराणी हॉटेलांकडे. दादरला प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा आणि पियूष हे सुख मला मान्य आहे, ते उपासाच्या दिवशीचं. एरवी मला संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आणि कडक कवचाचा ब्रून पाव लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी ही हॉटेलं काढली. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा गाळा अशुभ म्हणून इतर व्यापारी टाळत, तो यांनी घेतला, असं सांगतात. कोपरा असल्याने दोन्ही रस्त्यांवरची गिऱ्हाइकं आत येत. धोबीतलावची कयानी 1904 ची, मरीन लाइन्सची ससानियन 1913 ची, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलची कूलर 1932 ची, फोर्टातली मिलिटरी 1933 ची. कुलाबा कॉजवेवरची ऑलिम्पिया 1918 ची. सकाळच्या खिम्यासाठी मी तिचं नाव सगळ्यांत आधी घेतो.

मात्र जिथे मी सगळ्यात जास्त बसलो ते हॉटेल क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत आहे. तिथे मुदपाकखान्याचं दार उघडंच असतं आणि दारालगतच्या टेबलावरून तवा दिसतो. जागा असली तर मी तेच टेबल धरतो.

खिमा पहाटेच शिजवून पातेल्यात तयार असतो. खरं काम पुढे तव्यावर होतं. तवा लोखंडी, मधे खोलगट, इतका जुना की कडा आरशासारख्या झाल्यात. आचारी पळीभर खिमा त्यावर ओततो आणि आच मोठी करतो. आधी पाणी तडतडत उडून जातं, मग आवाज बदलतो, जड होतो. तेल सुटलं. आता तो कालथ्याने सगळा खिमा एका अंगाला ओढतो आणि तेल दुसऱ्या अंगाला जमू देतो. त्या लालसर तेलात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो पडतो. खिम्याला हात न लावता तो कांदा परततो, कारण आताच मिसळला तर कांदा उकडल्यासारखा होईल. कांद्याची कड तपकिरी झाली की मग दोन्ही एकत्र, आणि कालथ्याच्या धारेने टकटक टकटक कापणं सुरू. हा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू येतो.

खिमा घोटाळा मागितला असेल तर शेवटी अंडी. एका हाताने दोन फोडतो आणि आच बारीक करतो. इथे मी दरवेळी श्वास रोखून बघतो, कारण सगळी करामत या अर्ध्या मिनिटात आहे. अंडं खिम्यात विरघळायला हवं, पण घट्ट होता कामा नये. जरा उशीर झाला तर कोरड्या गुठळ्या होतात. तो ओलसर असतानाच ताटलीत काढतो, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. तव्यावर उरलेलं तेल पुसायला फडकं नाही, पाव आहे. पाव मधे चिरून दोन्ही पोटं तव्यावर दाबून फिरवायची. तवा पुढच्या ऑर्डरला स्वच्छ आणि पाव खाणाऱ्याच्या ताटलीत. कुणी म्हणालं, “तेल कम डालना,” की आचारी नुसती मान हलवतो. मी त्याच्या बाजूचा आहे. हे तेल पेट्या उचलणाऱ्यासाठी आहे, त्याला ते दुपारी दोनपर्यंत पुरवायचं असतं. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने आठवड्यातून एकदा खावं आणि मनापासून खावं.

चहा मागताना “पानी कम” म्हणायचं. दुधाळ, दाट चहा येतो. ब्रून मस्का त्यात बुडवला की लोण्याचे पिवळे थेंब वर तरंगतात. कडक कवच मऊ होतं, पण आतला पाव विरघळायच्या आत तोंडात जायला हवा. उठताना वेटर तुमच्याकडे न बघता गल्ल्याकडे ओरडतो, “एक घोटाला, दो पाव, एक पानी कम!” आणि तुम्ही गल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत शेटनी हिशेब केलेला असतो. कागद नाही.

आता काळजी आहे ती पावाची. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. धूर आधी भट्टीवाल्याच्याच छातीत जातो, त्यामुळे आदेश योग्यच आहे. पण भट्टी मोडून नवी बसवायचा खर्च लहान बेकरीवाल्याला जड जातो, आणि ती बेकरी मिटली तर तिच्या पावावर चालणारी चार हॉटेलं अडचणीत येतात. या बदलात त्यांना महापालिकेने पैशाचा हात द्यायला हवा. ब्रूनचं कवच नव्या भट्टीतही तसंच जमतं का, हे बघायलाही वेळ द्यायला हवा.

तुम्ही मुंबईत असाल तर एखाद्या कामाच्या दिवशी लवकर उठा आणि जिथे हातगाड्या उभ्या दिसतील तिथे शिरा. टेबलावर आधीच कुणी बसलं असेल तर समोरच्या खुर्चीत बसा, इथे तशीच रीत आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे जाणार असाल तर आठच्या आत पोहोचा. नऊनंतर तिथे खिमा शिल्लक राहत नाही.