पडदा न बघता आरपीजी

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तेव्हा त्याला पडदाच नव्हता. टेबलाभोवती माणसं बसत. सूत्रधार सांगे, समोर दगडी दार आहे, आतून गुरगुर ऐकू येते आहे. बाकीचे आपण काय करणार ते बोलून दाखवत. फासे पडत, आकडे मांडले जात, पात्रं मरत किंवा मालामाल होत. मोबाइलवरच्या आजच्या रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, याच टेबलाच्या वंशातल्या. तेव्हा ‘हा बघण्याचा खेळ, अंधांना कसा जमणार?’ असं कुणी विचारलं, तर त्याला या खेळाचं मूळ ठाऊक नाही, एवढंच म्हणता येतं.

संगणकावरही निव्वळ शब्दांचे खेळ लवकरच आले. १९७८ मध्ये ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ मजकुराचा खेळ घडवला. त्याच परंपरेतले ‘अकेया’ आणि ‘आल्टर इऑन’ हे खेळ अंध खेळाडू पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून आजही खेळतात.

मग गुळगुळीत काचेचा फोन आला आणि नवा गैरसमज जन्मला: बटणंच नाहीत, तर अंध माणूस चाचपडणार कशावर? याचं उत्तर २००९ मध्येच मिळालं. त्या वर्षी आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक. बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलतो, उजवीकडे स्वाइप केलं की पुढच्या घटकावर जातो, दोनदा टॅप केलं की तो घटक चालू होतो. २०१४ पासून आयफोनच्या काचेवर सहा बोटांनी ब्रेलमध्ये लिहिताही येतं. शिवाय अंध म्हणजे मिट्ट काळोख असंही नाही. अनेकांना उजेड, रंग किंवा ढोबळ आकार कळतात. त्यांना मोठी अक्षरं आणि ठळक रंगभेद हवे असतात. २०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टिदोष असलेल्या अपंग व्यक्तींची संख्या ५० लाखांवर होती.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र गेम बनवणाऱ्यांचा आहे. ‘फोनमध्ये स्क्रीन रीडर असतोच की, मग आमची गेम आपोआप बोलेल.’ बोलत नाही. साध्या अॅपमधली बटणं आणि मजकुराच्या चौकटी फोनच्या प्रणालीनेच दिलेल्या असतात, त्यामुळे स्क्रीन रीडरला त्यांची नावं कळतात. गेम इंजिन तसं करत नाही. ते अख्खा पडदा स्वतः रंगवतं. तलवार, राक्षस, उरलेलं आयुष्य दाखवणारी पट्टी, ‘हल्ला’ लिहिलेलं बटण, सगळं प्रणालीच्या लेखी एकच निनावी चौकोन. अंध खेळाडू बोट फिरवतो आणि फोन गप्प बसतो. आणखी एक पंचाईत अशी की व्हॉइसओव्हर चालू असताना एका बोटाचे स्पर्श आधी त्याच्याकडे जातात. पडद्यावरची जॉयस्टिक मग हलतच नाही. तेवढ्या भागात स्पर्श थेट गेमकडे पोहोचेल अशी तजवीज बनवणाऱ्याला मुद्दाम करावी लागते.

गंमत म्हणजे गेमला सगळं माहीत असतं. राक्षसाचं नाव काय, त्याचं आयुष्य किती उरलं, तो कोणत्या दिशेला किती पावलांवर आहे, हे सारं तिच्या आत आकड्यांत आणि शब्दांत नोंदलेलं असतं. ती ते फक्त चित्रात दाखवते, इतकंच. सुगम्यतेचं, म्हणजे गेम सर्वांना वापरता येईल अशी करण्याचं, निम्मं काम म्हणजे ही दडवलेली माहिती स्क्रीन रीडरच्या हाती देणं.

‘आमच्या गेममध्ये मजकूरच जास्त आहे, म्हणजे प्रश्न मिटला’ हे त्याच गैरसमजाचं धाकटं भावंड. मजकूर चित्र म्हणून चिकटवला असेल तर तो वाचला जात नाही. अक्षरं आणि चिन्हं मांडून केलेला नकाशा डोळ्यांना झकास दिसतो, कानांना मात्र टिंब, टिंब, तारा, टिंब. ‘अ डार्क रूम’ ही मायकेल टाउनसेंड यांची शब्दप्रधान गेम. तिची आयफोन आवृत्ती अमीर राजन यांनी केली आणि ती व्हॉइसओव्हरवर खेळता येते, कारण तशी ती मुद्दाम केली गेली. मराठीत गेम करणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर त्याखालची रोमन अक्षरं आणि चिन्हं वाचतो. युनिकोड असूनही भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल, तर आपली कथा हिंदी आवाजात ऐकावी लागू शकते.

काही उत्साही मंडळी उलट टोक गाठतात आणि गेमला प्रत्येक गोष्ट बोलायला लावतात. लढाई चालू असताना ‘चित्र, सोनेरी चौकट, बटण, तलवारीचे चिन्ह, बटण’ असं पारायण ऐकणारा खेळाडू वाक्य संपायच्या आत मेलेला असतो. कामाचं आधी आणि थोडक्यात हवं: ‘वज्रतलवार, दुर्मीळ, हल्ला ४२’. बाकीचं वर्णन मागितल्यावर. वस्तू किती मौल्यवान ते जांभळ्या किंवा सोनेरी रंगाने सांगत असाल, तर ते शब्दांतही सांगा. आवाज बोलत असताना पार्श्वसंगीत खाली उतरायला हवं. आणि घड्याळ लावून निर्णय घ्यायला लावत असाल, तर ते घड्याळ थांबवता आलं पाहिजे.

अंधांसाठी वेगळ्या श्राव्य गेम असतातच, असंही म्हटलं जातं. असतात, आणि त्यातल्या काही उत्तम आहेत. २०१० ची ‘पापा सांग्रे’ केवळ आवाजावर चालायची. २०१५ मध्ये फ्रान्सच्या डोविनोने ‘अ ब्लाइंड लीजंड’ आणली; तिच्यात अंध योद्ध्याला त्याची मुलगी आवाजाने वाट दाखवते. पण वर्गातली सगळी मुलं जी गेम खेळतात तीच अंध मुलालाही खेळायची असते. ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ ही १९९९ ची, रंगवलेल्या चित्रांनी भरलेली टोळीराज्याची गेम. तिची २०११ ची आयफोन आवृत्ती व्हॉइसओव्हरवर खेळता येते. चित्रं तशीच राहिली, डोळस खेळाडूंचं काहीही गेलं नाही.

सोयी दिल्या की खेळ सोपा होतो, ही तक्रारही जुनीच. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरं उंचावलेली असतात, मोहऱ्यांना खुंट्या असतात. मुंबईचे अंध बुद्धिबळपटू चारुदत्त जाधव यांनी तर बोलणारं बुद्धिबळ सॉफ्टवेअरही तयार केलं. त्यामुळे शह सोपा झाला असं कुणी म्हणत नाही. कन्सोलवरच्या ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ मध्ये २०२० साली साठाहून अधिक सुगम्यता पर्याय होते. अंध खेळाडू ती पूर्ण करतात आणि चुकले की मरतातही.

खर्चाची सबब पूर्वी थोडी तरी टिकायची. प्रत्येकाला स्वतःचा जुगाड करावा लागे. आता अॅपलने २०२२ मध्ये युनिटी या गेम इंजिनसाठी सुगम्यतेचं प्लग-इन दिलं आहे आणि युनिटीच्या २०२३.२ आवृत्तीपासून व्हॉइसओव्हर व टॉकबॅकशी बोलण्याची सोय इंजिनमध्येच आहे. महाग पडतं ते शेवटी ठिगळ लावणं. मेनू, लढाई आणि नकाशा आखतानाच नावं आणि क्रम ठरवले, तर काम बरंच आटोपशीर राहतं.

पुण्यामुंबईत किंवा आणखी कुठे आरपीजी घडवत असाल, तर आज टॉकबॅक चालू करून, पडदा झाकून, आपल्याच गेमची पहिली लढाई खेळून पाहा. ती जमली की अंध खेळाडूंना चाचणीसाठी बोलवा, आणि त्याचं मानधन द्या.