वर्गाचा बंदोबस्त

वर्गात शिस्त राखणे म्हणजे कोलाहलाचा बंदोबस्त करणे, ही समजूत आपल्या शिक्षणखात्याइतकीच जुनी असावी. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केल्यावर ‘आता पोरांना आवरायचे कशाने?’ असा जो प्रश्न कित्येक गुरुजींना पडला, त्याच्या मुळाशीही तीच आहे.

वास्तविक या प्रश्नाची उकल फार पूर्वी झालेली आहे. ताराबाई मोडक आणि पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा आदिवासी मुले शाळेत येत नाहीत आणि आली तर टिकत नाहीत, ही तक्रार सर्वतोमुखी होती. या दोघींनी मुलांना दूषण न देता शाळाच पाड्यावरील अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांस गुरे सोडून येणे शक्य नाही हे पाहून, ती थेट कुरणात भरवली. माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, पाने आणि बिया आल्या. हातांस काम आणि मनास विषय मिळाला की वर्ग आवरण्याचे निम्मे ओझे उतरते.

त्याच पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारला मात्र कुरणाच्या जागी उसाचे फड आणि कांद्याच्या चाळी आहेत. पाढे म्हणताना खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलापुढे ओतूरच्या बाजारातील कांद्याची हिशेबपट्टी ठेवून, गोण्या, वजन, भाव, हमाली व तोलाई यांचा मेळ घालून बापाच्या हाती नक्त काय पडले हे चौघांच्या गटाने काढावे असे सांगितले, तर तो खिडकी विसरण्याचा संभव पुष्कळ. उसात बिबट्याची मादी पिले का घालते, हा प्रश्न तर तिथल्या मुलांच्या शाळेच्या वाटेवरचाच आहे.

असा वर्ग निःशब्द नसतो, हे तपासणीस येणाऱ्या साहेबांनीही ध्यानी घ्यावे. उपाशी किंवा घरच्या कलहाने अस्वस्थ झालेले मूल पट्टीनेही शांत होणार नाही. त्याची विचारपूस निराळी, एकांतात व्हावी. तिला सवड लागते, आणि जिथे दोन शिक्षकांवर चार इयत्तांचा भार आहे, तिथे गटाने शिकणे ही हौस नसून निकड आहे. गटात वजन करायची तागडी सर्वांत दांडग्या मुलाच्या हाती द्यावी. मात्र दोन दिवसांनी ती दुसऱ्याकडे जाईल, हे मुलांकडूनच आधी ठरवून घ्यावे, नाहीतर भांडण तिच्यावरूनच जुंपते.