सह्याद्रीच्या भावंडांकडे सुट्टीला

मे महिन्यात मुलांना सुट्टी असते आणि मालदीवला पाऊस असतो. बेटावर सुट्टी घालवायचे जे मराठी बेत फसतात, त्यांतले निम्मे तरी इथेच फसतात. टूरवाल्यांच्या पत्रकावर हे छापलेलं नसतं. तिथे असतो फोटो. पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेला माड, हिरवट निळा समुद्र. खालचं नाव झाकलं तर हे मालदीव की मॉरिशस, लक्षद्वीप की अंदमान, ते भल्याभल्यांना ओळखता येणार नाही, कारण फोटोत बेटाची फक्त कड येते. कडेच्या आत काय आहे आणि आपल्याला रजा मिळते त्या महिन्यात वारा कुठून वाहतो, या दोन गोष्टींवर सगळी सुट्टी ठरते. त्या दोन्ही फोटोत नसतात.

कडेच्या आत काय आहे, हे समजून घ्यायला विमानात बसायचीही गरज नाही. राजगड चढताना पायाखाली जो काळा कातळ लागतो, तिथूनच सुरुवात करता येते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्यापेक्षा बराच दक्षिणेला होता आणि पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त झोताच्या वरून सरकत होता. त्यातून लाव्हाचे थरावर थर साचले आणि आपलं दख्खनचं पठार झालं. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, झोत मात्र जवळपास जागीच राहिला. मग जो भाग त्याच्यावर येत गेला तिथे ज्वालामुखी उभे राहिले. आधी आजच्या लक्षद्वीपचा पाया, मग मालदीवचा, मग चागोसचा. पुढे मॉरिशस. आज तो झोत रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर फुटतो. बहुतेक भूशास्त्रज्ञ ही साखळी अशी मांडतात. म्हणजे हिंदी महासागरात आपण जिथे सुट्टीला जातो, त्यातली बरीच बेटं सह्याद्रीची धाकटी भावंडं आहेत.

आता भावंडांमधला फरक केवळ वयाचा. ज्वालामुखी विझला की त्याचा डोंगर थंड होतो, जड होतो आणि तळासकट हळूहळू खाली बसू लागतो. उष्ण समुद्रात त्याच्या कडेला प्रवाळ वाढत असतात. त्यांना उजेड लागतो, त्यामुळे डोंगर खाली जाईल तसे ते वर वाढत राहतात. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि त्याच्याभोवतीचं प्रवाळांचं कडं तेवढं पाण्याच्या पातळीवर उरतं. मध्ये उथळ, शांत लगून. चार्ल्स डार्विनने हे १८४२ साली पुस्तक लिहून मांडलं. त्याआधी १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून तो मॉरिशसला उतरलाही होता.

मालदीव आणि लक्षद्वीप ही या गोष्टीतली म्हातारी बेटं. त्यांचा डोंगर केव्हाच खाली गेला. मालदीवमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरसुद्धा भरत नाही. सुमारे १२०० बेटं, पण सगळी जमीन एकत्र केली तर ३०० चौरस किलोमीटरच्या आत. अशा बेटाला आतला भाग नसतोच. नदी नाही, दरी नाही, घाट नाही, जुनी बाजारपेठ नाही. बेटाला चक्कर मारायला वीस मिनिटं लागतात आणि ती पहिल्याच संध्याकाळी मारून होते. ज्यांना पाण्यात तोंड घालून तासन् तास मासे बघायला आवडतात किंवा काहीच न करता पडून राहता येतं, त्यांच्यासाठी हा स्वर्ग आहे. ज्यांना ‘उद्या काय बघायचं?’ असा प्रश्न रोज रात्री पडतो, त्यांनी तिथे पाच रात्रींचे पैसे भरू नयेत. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं या दुसऱ्या प्रकारात मोडतात, असं माझं मत आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मालदीव महाग का, याचं उत्तरही तिथल्या जमिनीतच आहे. प्रवाळाच्या भुसभुशीत बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा जरा वाढला की खारं पाणी वर येतं. त्यामुळे राजधानी मालेसुद्धा समुद्राचं पाणी गोडं करून पिते. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या संयंत्राला आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोहोचवलं होतं. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही तिथली रीत. म्हणजे प्रत्येक बेटावर स्वतःची वीज, स्वतःचं गोडं पाणी, स्वतःच्या बोटी, आणि नारळ-मासे सोडले तर जवळपास सगळंच बाहेरून आणलेलं. त्यावर कर. २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर नुसता हरित कर आहे. आणखी एक खर्च जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. मालेपासून रिसॉर्टपर्यंतचा. लांबच्या बेटांवर सीप्लेन जातं आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. मुंबईहून संध्याकाळी उशिरा पोहोचणारं विमान स्वस्त पडलं म्हणून घेतलं, तर पहिली रात्र मालेजवळच्या हॉटेलात जाते, त्याचे पैसे वेगळे.

स्वस्त मालदीवही आहे. २००९ पासून वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली. माफुशीसारख्या बेटावर निम्म्याहून कमी खर्चात राहता येतं, माणसं भेटतात, संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळताना दिसतात. मात्र तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. मला विचाराल तर देश बघायचा असेल तर हेच मालदीव बघावं.

लक्षद्वीप हे त्याच घडणीचं, आणि आपलं. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी तोंड सोडलं आणि समाजमाध्यमांवर रातोरात ‘मालदीव नको, लक्षद्वीप’ सुरू झालं. २०२३ मध्ये मालदीवला दोन लाखांहून अधिक भारतीय गेले होते. पुढच्या वर्षी तो आकडा १ लाख ३० हजारांच्या आसपास उतरला. पण ते सगळे लक्षद्वीपला गेले नाहीत. जाऊ शकलेही नसते. सगळी बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर, तिथे फक्त छोटी विमानं उतरतात. कोचीहून जहाजाने चौदा ते अठरा तास. भारतीयांनाही आधी परवाना काढावा लागतो. बंगारम सोडलं तर दारूबंदी. राहायच्या खोल्या मोजक्या. आणि ते बरंच आहे, कारण इथलंही पाणी त्याच पातळ थरावर अवलंबून आहे. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारं संयंत्र बसवावं लागलं. दोन लाख पाहुण्यांना आंघोळीला पाणी कुठून आणणार?

ज्यांना हे सगळं जमतं, त्यांना मात्र लक्षद्वीपसारखं लगून देशात दुसरं मिळायचं नाही. मिनिकॉयला जमलं तर बघावंच. तिथली भाषा मालदीवच्या भाषेची बहीण आहे आणि तिथले कोळी आजही जाळं न टाकता गळाच्या काठीने एकेक कुपा उचलतात. १८८५ सालचं दीपगृह चढलं की बेट आणि लगून एका नजरेत दिसतं. पावसाळ्यात मात्र तिकडचा विचारही नको. नारळी पौर्णिमेपर्यंत आपले कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात तो हाच समुद्र आणि हाच वारा.

आता धाकटं भावंड. मॉरिशसचं वय ८०-९० लाख वर्षं, म्हणून तिथे डोंगर अजून उभा आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. भोवती प्रवाळाचं कडं जवळपास पूर्ण आहे, त्यामुळे लगूनही आहे. डोंगर आणि लगून एकाच बेटावर मिळायचं हे नेमकं वय. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री नावाच्या किनाऱ्यावर कड्यात खंड पडलाय आणि लाटा थेट काळ्या कातळावर आपटतात. हरिहरेश्वरचा किनारा पाहिलेल्याला तिथे अजिबात परकं वाटणार नाही. खडकही त्याच कुळातला आहे. त्याच्याही धाकट्या रियुनियनला तीन हजार मीटरचा डोंगर आहे पण प्रवाळाचं कडं थोडक्याच भागात आहे. तिथे शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून लगूनबाहेर पोहण्यावर बंदी आली. वयाने एवढा फरक पडतो.

मॉरिशसशी आपलं दुसरंही नातं आहे. १८३४ पासून गिरमिटिया मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांत रत्नागिरीकडची माणसंही होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ते उतरले, तो २००६ पासून जागतिक वारसा आहे. कास्कावेलसारख्या गावात मराठी वंशाची वस्ती आहे, कोकणातल्या जाखडीचा तिथला अवतार ‘झाकरी’ म्हणून नाचला जातो आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पाच-सहा दिवस रिसॉर्टच्या खुर्चीत काढून परत येणाऱ्यांना यातलं काही कळत नाही. गाडी भाड्याने घ्यावी, आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. रस्त्यावर दालपुरी खावी.

आणि मे महिना? मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला उन्हाळा तो तिथला हिवाळा. हिवाळा म्हणजे पंचवीस अंशांच्या आतबाहेर, कोरडा आणि सुखाचा. वादळांचा काळ जानेवारी ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून बोचरा वारा येतो. तेव्हा पूर्व किनाऱ्याऐवजी पश्चिमेचं हॉटेल घ्यावं. दिवाळीच्या सुमारास तर तिथे वर्षातला सर्वांत कोरडा काळ असतो. शाळेच्या वेळापत्रकाशी एवढं जुळवून घेणारं बेट दुसरं नाही. मालदीव, लक्षद्वीपचा उत्तम हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे नेमका दहावी-बारावीच्या परीक्षांचा. नाताळच्या सुट्टीत हवा चांगली मिळते, पण तेव्हा दरही चढलेले असतात.

श्रीलंकेत दोन्ही मोसमी पावसांचा वेगळाच हिशेब आहे. मे महिन्यात गॉल, मिरिसा भिजत असतात तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली कोरडं असतं, डिसेंबरात उलट. बालीचा कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. पण बाली किनाऱ्यासाठी नव्हे, आतल्या भातखाचरांसाठी आणि देवळांसाठी जायची जागा.

अंदमान या भावंडांतलं नव्हे. ती म्यानमारच्या आराकान डोंगररांगेची समुद्रात बुडालेली शेपूट; वर राहिली ती शिखरं म्हणजे बेटं. म्हणून तिथे दाट जंगल आहे, खाड्या आहेत, खाड्यांत मगरी आहेत, आणि बॅरन बेटावर भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरचा फरक पडतो, त्यामुळे शहीद द्वीपवर सकाळी जिथे पोहलो तिथे दुपारी उघडे खडक असतात. स्नॉर्केलिंगची वेळ हॉटेलच्या नाश्त्यावर नव्हे, भरतीच्या तक्त्यावर ठरवावी. घड्याळाचाही घोळ आहे. वेळ भारतीय, पण जागा मुंबईपासून वीस रेखांश पूर्वेला. सूर्य आपल्यापेक्षा साधारण ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि हिवाळ्यात पाचच्या सुमारास मावळतो. आठला उठणाऱ्याने अर्धा दिवस घालवलेला असतो. राधानगरचा किनारा खरोखर सुंदर आहे, पण संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आणि हे पत्रकात नसतं.

मराठी पर्यटक अंदमानला जातो तो निम्मा सेल्युलर जेलसाठी, आणि जावंच. सात पाखांपैकी तीन उरल्यात. सावरकरांची कोठडी सगळे बघतात. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, ही गोष्ट गाईडने सांगितली नाही तर विचारावी. इथेही मेचा प्रश्न येतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात पहिल्यांदा अंदमानलाच पोहोचतो, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि दिवाळीच्या सुमाराला बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस असतात. समुद्र खवळला की बेटांमधल्या फेऱ्या रद्द होतात. म्हणून मेमध्ये जायचं तर पहिल्या पंधरवड्यात, आणि परतीच्या विमानाआधीची रात्र स्वराज द्वीपवर न काढता श्री विजयपुरममध्ये, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्ये काढावी.

कुठल्याही बेटाचं बुकिंग करताना पाण्याखाली सध्या काय अवस्था आहे, हे मात्र विचारून घ्या. समुद्र नेहमीपेक्षा तापला की प्रवाळ पांढरे पडतात आणि बरेच मरतात. १९९८ मध्ये मालदीवचे पडले, २०१६ मध्ये पुन्हा. लक्षद्वीपला २०२४ मध्येही मोठा फटका बसला. रिसॉर्टवाला हे आपणहून सांगणार नाही, डायव्हिंग शिकवणारा बहुधा खरं सांगतो. प्रवाळबेटांवरची ती पांढरी वाळूही प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा असते. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि ती वाळू मागे टाकतात. बेट त्याच मालावर उभं असल्याने तिथून वाळू, प्रवाळ, शंख बाहेर न्यायला मालदीवमध्ये बंदी आहे. अंदमानच्या किनाऱ्यावरूनही ते उचलून आणता येत नाहीत. परतताना विमानतळावर बॅग तपासतात आणि मुलांनी गोळा केलेले शंख काढून घेतात, तेव्हा ते आधीच किनाऱ्यावर ठेवून यावेत.