प्रश्नावली नेमकं काय मोजते : व्यसन की अपराधीपणा?

समजा, तुमच्यासमोर अमेरिकेतल्या दोन तरुणांनी भरलेल्या प्रश्नावल्या आहेत. पहिला आठवड्यातून तीन-चारदा पॉर्न बघतो आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही. दुसरा न चुकता चर्चला जाणारा. दोन महिन्यांतून एखाद्या वेळी बघतो आणि मग चार दिवस त्याचं कशात लक्ष लागत नाही. 'मला याचं व्यसन आहे' या विधानापुढे 'पूर्ण सहमत' अशी खूण कोण करेल?

बहुधा दुसरा. हे दोघे मी कल्पिलेले आहेत, पण त्यामागचं संशोधन खरं आहे. जोशुआ ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या नमुन्यांवरून दाखवलं, की धार्मिकता जास्त तसं 'मला व्यसन आहे' असं वाटणंही जास्त. प्रत्यक्ष वापर किती, हे विश्लेषणात नियंत्रित केलं तरी हा संबंध टिकतो. त्यातला मधला दुवा आहे 'हे पाप आहे' ही ठाम धारणा. आपण चूक मानतो तेच आपल्या हातून होतं, या ओढाताणीला आता 'नैतिक विसंगती' म्हणतात.

ख्रिस्ती पुरुषांच्या बाबतीत ही ओढाताण एवढी तीव्र का? मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:२८) वासनेने पाहणं हाच मनातला व्यभिचार ठरवला आहे. म्हणजे रेषा कृतीवर नाही, नजरेवर ओढलेली. दिवसभरात ती किती वेळा ओलांडली जाईल, याचा हिशोब कोण ठेवणार? अमेरिकी इव्हँजेलिकल जगात तो ठेवायलाही शिकवतात. २००० साली आलेलं 'एव्हरी मॅन्स बॅटल' हे पुस्तक पुरुषांना नजर चटकन दुसरीकडे वळवायची सवय लावायला सांगतं. त्याच वर्षी सुरू झालेली 'कव्हनंट आइज' ही सेवा तुम्ही स्क्रीनवर काय पाहिलंत याचा अहवाल तुम्हीच निवडलेल्या मित्राला पाठवते. नाव घेतलंय ईयोबाच्या पुस्तकातून, डोळ्यांशी केलेल्या करारावरून.

समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल पेरी यांचं 'अ‍ॅडिक्टेड टू लस्ट' (२०१९) याच जगाबद्दल आहे. त्यांच्या मते सनातनी प्रोटेस्टंट लोक इतरांपेक्षा पॉर्न कमी बघतात, पण जे बघतात त्यांच्यात मानसिक त्रासाशी त्याचा संबंध जास्त घट्ट दिसतो. राग, लोभ, गर्व हीसुद्धा पापंच, पण लैंगिक पापासाठी तराजू वेगळा. अनेक पुरुष आपला देवाशी संबंध कसा चाललाय हे या एकाच गोष्टीवरून ठरवतात. (आणि हा 'पुरुषांचा प्रश्न' म्हटल्यामुळे तिथल्या स्त्रियांना दुप्पट लपवावं लागतं. तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

आता मोजपट्टीकडे या. या क्षेत्रात सीपीयूआय-९ ही प्रश्नावली खूप वापरली गेली. नऊ विधानं, तीन गट. एका गटात स्वतःवर ताबा नसल्याची भावना, दुसऱ्यात पॉर्न बघायला मिळावं म्हणून कामं पुढे ढकलणं, बेत बदलणं असं वागणं, आणि तिसऱ्यात बघून झाल्यावर वाटणारी लाज, उदासी, किळस. सगळ्याची बेरीज केली की एक आकडा. अडचण कळली ना? तिसऱ्या गटात श्रद्धाळू माणूस वागण्यात फरक नसतानाही भरपूर गुण मिळवणार. मग 'धार्मिक लोक जास्त व्यसनी' असं छापून यायला कितीसा वेळ!

मी हसत नाहीये. माझ्या पहिल्या प्रस्तावात मोबाइलच्या 'व्यसना'ची प्रश्नावली होती, आणि त्यात निम्मे प्रश्न 'आईवडील ओरडतात का' याच वळणाचे होते. मोजत होते मी घरातलं वातावरण. गाईडने प्रत्येक विधानाशेजारी 'हे वर्तन की त्याबद्दलची भावना?' असं लिहायला लावलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. तुमच्या प्रश्नावलीवर हे एकदा करून बघा.

हा फरक नुसता सांख्यिकीचा नाही. समुपदेशकासमोर बसलेल्या मुलाला व्यसनी ठरवलं की उपचार एका दिशेने जातात. श्रद्धा आणि इच्छा यांच्यातली ओढाताण म्हटलं की दुसऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण केवळ नैतिक नापसंतीतून आलेला त्रास निदानाला पुरेसा नाही, असंही तिथेच म्हटलंय. याचा उलटा अर्थ काढू नका. 'धार्मिक आहे म्हणजे नुसता अपराधीपणा' असं गृहीत धरलं, तर ज्याचा ताबा खरंच सुटलाय तो श्रद्धाळू माणूस तुमच्या हातून निसटेल. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून तर त्या वेगळ्या मोजायच्या.

आणि कुणी ही प्रश्नावली मराठीत आणायला निघालं, तर तिसऱ्या गटापाशी थांबा. तिथल्या भावनेला सरळ 'लाज' म्हणालात, तर उत्तर देणारा विचारेल, कुणासमोर? आपल्याकडे लाज चारचौघांतही वाटते, आणि हा माणूस तर खोलीत एकटा आहे. 'अपराधी वाटतं' लिहिलंत तर मूळ भावना बदलते, 'शरम' लिहिलंत तर सूर चढतो. मी तिन्ही लिहून पाचपाच जणांना विचारून बघेन, मगच एक ठेवेन.