वूफर का उडतो?

मागच्या लग्नसराईत एके सकाळी शेजारचा मुलगा दारात आला. म्हणाला, "चाचा, नवा वूफर दुसऱ्याच वरातीत उडाला. कर्जाचा हप्ता मात्र तसाच आहे." मी कविता करणारा माणूस, पण तरुणपणी मंठ्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत असे, म्हणून मंडळी अशा कामाला माझ्याकडे येतात. स्पीकरजवळ नाक नेले, तर जळक्या वार्निशाचा वास आला. कॉइल जळाली होती.

वूफरची रचना साधी असते. कागदी शंकूच्या तळाशी तांब्याच्या तारेची कॉइल असते. चुंबकाच्या अरुंद खाचेत ती मागेपुढे हलते, शंकू हवा ढकलतो आणि आवाज होतो. मात्र दिलेल्या विजेपैकी जेमतेम काही टक्क्यांचाच आवाज होतो. बाकीची उष्णता त्या एवढ्याशा कॉइलला सोसावी लागते.

मोठा अॅम्प्लिफायर वूफर जाळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लहानही जाळतो. झेपेनासे झाले, की तो आवाजाच्या लाटांचे माथे छाटतो. छाटलेल्या लाटेत कॉइलला उसंत मिळत नाही. 500 वॅटचा अॅम्प्लिफायर तेव्हा जवळजवळ दुप्पट वीज ओतू शकतो. जनरेटरचे व्होल्टेज पडले, की ही छाटणी आणखी लवकर सुरू होते.

दुसरे कारण हिसक्याचे. भोकाच्या डब्यात फार खालचे स्वर वाजले, की शंकूला आतल्या हवेचा आधार उरत नाही. तो मर्यादेबाहेर झेपावतो. कॉइल तळावर आपटते किंवा कडा फाटते. म्हणून ते स्वर आधीच गाळावेत.

तपासणी घरीही होते. वीज बंद करून दोन्ही हातांनी शंकू हलकेच दाबावा. खरखर लागली, तर कॉइल घासते आहे. 8 ओहमचा चांगला वूफर मीटरवर साधारण 6 ओहम दाखवतो; मीटर हललेच नाही, तर तार तुटली आहे.

हे सारे ऐकून मुलगा म्हणाला, "चाचा, लाल दिवा मला दिसतो. पण वरातवाले म्हणतात, अजून वाढव. नाही म्हटलं, तर भाडं कापतात."

खरे दुखणे हेच आहे. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, असे 2000 सालचे नियम सांगतात. पण त्याआधीच्या तासांत कॉइल कोणी सांभाळायची? शेवटी आम्ही दोघांनी त्याच्या भाड्याच्या पावतीवर एक ओळ घातली: लाल दिवा लागला, की आवाज कमी केला जाईल. नवी कॉइल बसवली आहे. आता पावतीवर सही घेतल्याशिवाय तो डबा गाडीत चढवत नाही.