टायरची धूळ आणि सॅमनची वीण

पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. त्यांचा विषय निघाला की पिशव्या आणि बाटल्यांचे तुकडे आठवतात. परंतु रस्त्यावर झिजणाऱ्या टायरमधून सुटणारी कृत्रिम रबराची धूळही याच वर्गात मोडते, आणि माशांची वीण कशी खुंटते याचा अत्यंत नेमका पुरावा या धुळीनेच दिला आहे.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि साधारण तिसऱ्या वर्षी, आयुष्यात एकदाच, अंडी घालण्यासाठी ओढ्यात परततो. सिएटल परिसरातील ओढे १९९०च्या दशकात कष्टाने सुधारण्यात आले आणि मासे परतलेही. मात्र शरदातील पावसानंतर ते पृष्ठभागाजवळ दिशाहीन फिरत, तोंड वासत, तोल जाऊन कलंडत आणि काही तासांत मरत. मेलेल्या माद्यांच्या पोटात अंडी तशीच असत. ती पक्व होती, अंडाशय निरोगी होते. समुद्रातून एवढा प्रवास करून आलेली मादी अंडी घालण्यापूर्वीच मरत होती, हे या प्रकरणातील खरे दुःख.

जड धातू आणि इंधनातील तेले यांवरील संशय तपासांती टिकला नाही. अखेर वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी टायरच्या भुकटीचा अर्क काढून, त्यातील दोन हजारांहून अधिक रसायने टप्प्याटप्प्याने वेगळी करत माशांवर चाचण्या घेतल्या आणि २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात मारक द्रव्य जाहीर केले. हवेतील ओझोनमुळे रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये ६-पीपीडी हे रसायन मिसळतात. ते रबराआधी स्वतः ओझोनशी संयोग पावते आणि त्यातूनच ६-पीपीडी-क्विनोन हे विष तयार होते. लिटरभर पाण्यात त्याचे सुमारे ९५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या ९५ पट, एवढी मात्राही कोहोच्या निम्म्या पिल्लांचा जीव घेते. रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात ठेवलेल्या पिल्लांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांमधून द्रव पाझरू लागल्याचेही पुढे आढळले. तोल सुटण्याचे मूळ तेथेच असावे.

त्याच पाण्यात चम सॅमन हा जवळचा भाऊबंद मात्र सुखरूप राहतो, तर काश्मीर आणि हिमाचल प्रदेशात पाळला जाणारा रेनबो ट्राउट बऱ्याच अधिक मात्रेने मरतो. म्हणून सूक्ष्मप्लास्टिक माशांना घातक आहे काय, हा प्रश्न फार ढोबळ ठरतो. कोणत्या कणातून कोणते द्रव्य पाण्यात उतरते आणि ते कोणत्या जातीला बाधते, हेच विचारावे लागते.

वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलेल्या रस्त्यावरील पाण्यात कोहो जगले, त्यामुळे पर्यायी रसायन सापडेपर्यंत रस्त्याकडेला असे थर घालणे शक्य आहे. सॅमनवर ज्यांचे जीवन अवलंबून आहे त्या युरोक आणि इतर मूलनिवासी जमातींनी टायरमधील ६-पीपीडीवर बंदीची मागणी केली असून, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये ती विचारार्थ स्वीकारली.